‘औदुंबर’चं रसग्रहण : अलंकार सापडत नाहीत, मग लिहायचं काय?

पानगळ
रसग्रहणासाठी बालकवींची ‘औदुंबर’ घेतली आहे. कविता आठच ओळींची. झरा, गाव, शेतमळे, पायवाट, डोह आणि शेवटी झाड. एका मार्गदर्शकात ‘ध्यानस्थ योग्याची सुंदर उपमा’ असं छापलंय, दुसऱ्यात ‘ही कविता मृत्यूची आहे’ असं. ओळींमध्ये मला दोन्ही दिसत नाही. प्रतिमा आणि आशय नेमके कुठून काढायचे?

यतिभंग
उपमा नाहीच. सारखा, सम, परी, जसा, जणू यांतला एकही शब्द आठ ओळींत नाही, त्यामुळे उत्प्रेक्षाही (‘जणू ते तेच आहे’ अशी कल्पना) गेली. औदुंबर दत्ताचा वृक्ष, म्हणून योगी चटकन सुचतो, पण तो वाचकाने आणलेला. कवितेतला ठळक अलंकार म्हणजे चेतनगुणोक्ती, म्हणजे निसर्गातली वस्तू माणसासारखी वागते असं दाखवणं: ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’. उंबर पाण्याकाठी वाढतो, मुळं पाण्यात उतरतात, म्हणून ते पाय ओढूनताणून आणलेले वाटत नाहीत. ‘पायवाट चालली’ मात्र अलंकारात धरू नका. रस्ता आपण रोजच्या बोलण्यातही चालवतोच. तिचं महत्त्व वेगळं आहे, ते खाली कुणीतरी लिहीलच.

ओळ मोठ्याने वाचा. प्रत्येक ओळीत १६ आणि ११ अशा २७ मात्रा आहेत (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन; ‘बेटाबेटातुन’, ‘लाटांवर’, ‘औदुंबर’ यांचं शेवटचं अक्षर लांबवायचं). शेवटच्या ओळीत १६ मात्रा ‘बसला’पाशी पुऱ्या होतात, म्हणजे थांबायचं तिथे. ‘बसला असला’ एका दमात वाचलं की ‘बसला असला तर’ असा शंकेचा सूर लागतो. थांबून वाचलं की ‘असला औदुंबर’ हे शब्द मागच्या सात ओळींकडे बोट दाखवतात: एवढ्या सगळ्याच्या टोकाशी बसलेला, असा हा.

डोहकाठ
आता पायवाटेबद्दल. क्रियापदं ओळीने लिहून काढा: वाहतो, लागली, पडे, चालली, पसरी, बसला. सुरुवात वाहण्याने, शेवट बसण्याने. मग रंग काढा: हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. हिरवं तीनदा येतं, पण शेवटच्या दोन ओळींत त्याचा मागमूस नाही. पांढरी वाट ही हिरव्यातून काळ्याकडे जाणारी एकमेव रेघ. वाहत्या झऱ्यापासून सुरू झालेली कविता साचलेल्या डोहापाशी थांबते.

आणि माणूस कुठे आहे? घरं आहेत, मळे आहेत, माणसांच्या पावलांनीच पडलेली वाट आहे, पण माणूस एकही दिसत नाही. पाय दिसतात ते फक्त झाडाचे. माझ्या मते सगळ्या कवितेतली सर्वांत मोठी गोष्ट हीच, आणि रसग्रहणात ती हमखास राहून जाते.

आवाजही नाही. बालकवींच्याच ‘निर्झरास’ या कवितेतला झरा ‘दरीदरी घुमवित’ येतो; इथला नुसता वाहतो. सगळ्या प्रतिमा डोळ्यांच्या, अपवाद एकच: ‘गोड काळिमा’. रंगाला चवीचं विशेषण. त्यावर दोन वाक्यं तरी लिहाच.

पानगळ
मग मृत्यूचा अर्थ चूकच म्हणायचा का?

यतिभंग
चूक नाही, अपुरा. तो दोन वाटांनी येतो. पहिली कवितेबाहेरची: बालकवी ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले, वय अवघं २७. तो अपघात आधी लिहिलेल्या कवितेत मागून घालणं मला पटत नाही. दुसरी वाट कवितेतली: काळा डोह, गावाकडून दूर जाणारी वाट, स्तब्धता. या आधारावर ‘मृत्यूची छाया जाणवते’ असं जरूर म्हणता येईल. पण ‘काळा डोह म्हणजे मृत्यू’ असं समीकरण मांडलंत की ‘गोड’ शब्दाचं काय करायचं हा प्रश्न उरतो. आशय लिहिताना तो शब्द सांभाळून लिहा: भोवतालच्या भरलेल्या जगापासून अलिप्त होऊन गडद, तरीही हव्याशा वाटणाऱ्या शांततेत स्थिर होणं.

डोहकाठ
मांडणीसाठी: आशयसौंदर्यात यतिभंग यांचं शांततेबद्दलचं वरचं वाक्य आणि माणसाचं नसणं. काव्यसौंदर्यात रंगांचा क्रम, ‘गोड काळिमा’, चेतनगुणोक्ती. भाषिक वैशिष्ट्यांत ‘ऐल तटावर पैल तटावर’, ‘अडवीतिडवी’, ‘बेटाबेटातुन’ यांतली पुनरुक्ती. शेवटच्या तीन ओळींत अशी पुनरुक्ती नाही, एवढं नोंदवा. प्रत्येक विधानापुढे ओळीतला शब्द अवतरणात द्या. ‘निसर्गाचे मनोहारी चित्रण’ हे वाक्य कुठल्याही निसर्गकवितेला चिकटतं, म्हणून ते काढूनच टाका.