प्लाझ्मा करंट मोजायचाय: रोगोव्स्की कॉइल विकत घ्यावी की गुंडाळावी?

चुंबकवेडा: मंडळी, छोट्या टोकामॅकसाठी (कडीच्या आकाराचं, चुंबकांनी प्लाझ्मा कोंडणारं फ्यूजन यंत्र) सल्ला हवाय. प्लाझ्मा करंट 20 किलोअँपिअर, चढायला 5 मिलिसेकंद, शॉट 20 मिलिसेकंदांचा. टॉरॉइडल फील्ड (कडीच्या लांबीने फिरणारं चुंबकीय क्षेत्र) 0.5 टेस्ला. रोगोव्स्की कॉइल (करंटभोवती कडं करून बसवायची, करंट बदलला की व्होल्टेज देणारी गुंडाळी) व्हेसलच्या, म्हणजे निर्वात पात्राच्या बाहेरून, 20 सेंमी त्रिज्येवर. बजेट 12 हजार, इंटिग्रेटर (त्या व्होल्टेजची बेरीज करून करंट देणारं सर्किट) धरून.

तारकुंडल: विकत कशाला? 11 मिमी व्यासाची टेफ्लॉनची नळी 1.3 मीटर घ्या, 0.3 मिमीची एनॅमल तार मिलिमीटरला एक वेढा अशी गुंडाळा. साधारण 46 मीटर तार लागेल. परतीची तार नळीच्या पोटातून आणा, नाहीतर अख्खी कॉइल टॉरॉइडल फील्डपुढे एकच मोठा वेढा होऊन बसते आणि भलताच सिग्नल देते. करंट चढताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास मिळेल.

फायबरवाला: ताराबिरा सोडा, फायबर ऑप्टिक सेन्सर लावा. फॅरेडे परिणामावर (चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाचं ध्रुवीकरण वळतं) चालतो, इंटिग्रेटर नको, ड्रिफ्ट (शून्य हळूहळू सरकणं) नाही. आयटरसाठीही (फ्रान्समधला महाकाय टोकामॅक) घेतलाय.

तारकुंडल: आयटरचा करंट 15 मेगाअँपिअर, शॉट शेकडो सेकंदांचा. इथे 20 मिलिसेकंदांत ड्रिफ्ट होऊन होऊन किती होणार? आणि बजेट वाचलंत का?

वक्ररेषा: मुळात करंट हवाच कशाला? जर्मनीतला स्टेलरेटर वेंडेलस्टाइन 7-एक्स बघा, पिळदार चुंबकांवरच प्लाझ्मा धरतो. स्टेलरेटरला डिसरप्शनची (प्लाझ्मा करंट अचानक कोसळण्याची) कटकटच नाही.

फायबरवाला: बूटस्ट्रॅप करंट (प्लाझ्माच्या दाबातून आपोआप निघणारा) तिथेही असतोच. मोजायला रोगोव्स्कीच बसवल्यात.

शून्यरेषा: विषयावर या. इंटिग्रेटर म्हणून नुसता आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) लावू नका, 20 मिलिसेकंदांत सिग्नल ओघळतो. ऑपअँप (अँप्लिफायर चिप) घ्या, सोबत 10 किलोओहम, 0.1 मायक्रोफॅरड: 20 किलोअँपिअरला अडीच व्होल्ट. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचा, सिरॅमिकचा नको, त्याचा कपॅसिटन्स व्होल्टेजप्रमाणे बदलतो.
शिवाय बाहेरची कॉइल व्हेसलमधला करंटही मोजते, हे कोणी बोललंच नाही. गॅस न सोडता शॉट घ्या, लूप व्होल्टेजशी (कडीच्या लांबीने एका वेढ्यात मिळणारं व्होल्टेज) ताडून बघा, मग वजा करा.

गुंडाळीबहाद्दर: परतीची तार आतून घ्या, फार महत्त्वाचं.

तारकुंडल: वर तेच लिहिलंय हो. शील्डचं सांगा त्यापेक्षा: तांब्याच्या फॉइलच्या कडा एकमेकींना टेकू देऊ नका, शॉर्ट झालेला वेढा तयार होतो.

शून्यरेषा: आणि कॅलिब्रेशन करताना तार मधोमध धरून थांबू नका, कडेला सरकवून बघा. रीडिंग हललं तर वेढे विरळ-दाट पडलेत. तीच तार कॉइलच्या बाहेरून नेली की शून्य यायला हवं.

चुंबकवेडा: आभार. रोगोव्स्की रद्द, भोवती आठ छोटे प्रोब (जागेवरचं चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या चिमुकल्या कॉइल) लावतोय. सरासरीवरून करंट मिळेल, वर प्लाझ्मा कुठे सरकतोय तेही कळेल.

तारकुंडल: 20 सेंमीवर तुमचं पोलॉइडल फील्ड (प्लाझ्मा करंटभोवती फिरणारं, जे मोजायचंय ते) 0.02 टेस्ला. प्रोब एका अंशाने कलला तर टॉरॉइडलचे जवळपास 0.009 त्यात घुसतील. निम्मा सिग्नल खोटा!

चुंबकवेडा: टॉरॉइडल फील्ड सपाट झाल्यावरच इंटिग्रेटर सुरू करणार. उरलेलं गॅसविना घेतलेल्या शॉटमधून वजा.

शून्यरेषा: चालेल. फक्त प्रोबचे साचे पीएलएमध्ये (3डी प्रिंटरचं प्लास्टिक) छापू नका, व्हेसल बेक करताना (तापवताना) मऊ पडून पुन्हा कलतील.