लिलावातलं घर घेताना : तुमचे अनुभव लिहा

कर्ज थकल्यामुळे बँकेने विकायला काढलेलं घर घ्यावं का, यावर आमच्याकडे दोन महिने खल चाललाय. जाहिराती ढिगाने सापडतात, पण पुढे काय होतं ते सांगणारं कुणी भेटत नाही. ज्यांनी असं घर घेतलंय किंवा घ्यायला जाऊन मागे फिरलेत, त्यांनी कृपया लिहा. कुठे शोधलंत, कुठे अडलात?

*

सरकारी बँकांची घरं 'बँकनेट' पोर्टलवर एकत्र दिसतात. खासगी बँका आणि गृहकर्ज कंपन्यांच्या साइट वेगळ्या चाळाव्या लागतात. मला मात्र माझं घर मिळालं ते पेपरातल्या बारीक टायपातल्या जाहीर नोटिशीत. मी ती कात्रणं वहीत चिकटवायचो, त्यामुळे एक फ्लॅट चार महिन्यांनी पुन्हा आल्याचं लक्षात आलं. पहिल्या लिलावाला कुणी फिरकलं नव्हतं, राखीव किंमत, म्हणजे बोली जिथून सुरू होते ती किमान किंमत, उतरली होती. तोच घेतला.

*

नोटिशीत आधी 'ताबा' हा शब्द शोधा. 'प्रत्यक्ष ताबा' म्हणजे घर बँकेच्या हातात आहे. 'सांकेतिक ताबा' म्हणजे दारावर फक्त नोटीस लागली, माणसं आतच राहतात. आम्ही तो शब्द वाचला होता, अर्थ विचारला नव्हता.

पैसे भरले, विक्री प्रमाणपत्र मिळालं, पण घर मिळेना. मग बँकेने सरफेसी कायद्याच्या (थकलेल्या कर्जापोटी तारण घर ताब्यात घेऊन विकायचा हक्क बँकेला देणारा कायदा) कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. आदेश आणि नंतर पोलीस बंदोबस्ताची तारीख, यात अकरा महिने गेले. तोवर भाडंही भरत होतो आणि हप्ताही. ताब्याच्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. त्या घरातल्या आजी देवघरातला एकेक टाक पदराने पुसून पिशवीत ठेवत होत्या. मी त्यांना पाणी दिलं, त्यांनी घेतलं. बोलणं काहीच झालं नाही. आजही देवापुढे दिवा लावताना त्या आठवतात. घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण सांकेतिक ताब्याचं घर मी पुन्हा घेणार नाही.

*

पैशांची तयारी बोलीच्या आधी हवी. बोली लागली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी, बोलीआधी भरलेली अनामत धरून किमतीच्या 25 टक्के भरायचे. उरलेले विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. बँकेने लेखी मान्य केलं तर मुदत वाढते, तीही तीन महिन्यांपर्यंतच. माझं कर्ज अठराव्या दिवशी हातात पडलं. मुदतवाढ आधीच लेखी घेतली होती म्हणून निभावलं, नाहीतर भरलेली रक्कम जप्त झाली असती.

*

पाहणीच्या दिवशी घरापेक्षा जास्त वेळ मी जिन्याखाली घालवला. मीटरवरचा ग्राहक क्रमांक टिपला, वीजबिलाची थकबाकी काढली, मग सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी रजिस्टर उघडून पाच वर्षांची देखभालीची बाकी दाखवली. विक्री 'जसे आहे जेथे आहे' तत्त्वावर असते, म्हणजे हे ओझं बहुधा घेणाऱ्यावरच येतं. जुनी वीजबाकी लिलावात घेणाऱ्याकडून वसूल होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2023 मध्ये मान्य केलंय. मी दोन्ही आकडे राखीव किमतीत मिळवले आणि कुठवर बोली लावायची ते कागदावर लिहून बसले. त्यापुढे गेले नाही. घर दुसऱ्याला मिळालं, पण पैसे वाचले.

*

आम्ही मागे फिरलो. वकिलांनी कर्ज वसुली न्यायाधिकरणात चौकशी केली, तर बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जदाराचा अर्ज तिथे प्रलंबित निघाला. वकिलांची फी लिलावाआधी द्या, नंतर नको.

*

धागा काढणारी मीच. ताब्याबद्दल लिहिणाऱ्या ताई, तुमचं वाचून आमच्या फ्लॅटची नोटीस पुन्हा काढली. 'सांकेतिक' लिहिलंय. यांना दाखवली, दोघंही बराच वेळ गप्प होतो. शनिवारी पाहणी आहे. आत कोण राहतं ते आधी बघून येते आणि इथे लिहिते.