सल्ला हवा: जुन्या काळातली दोन बायकांची प्रेमकथा, एक मालकीण आणि एक कामवाली

केतकीवन: नमस्कार मंडळी. जुन्या काळात घडणारी, दोन बायकांच्या प्रेमाची कादंबरी किंवा सिनेमा सुचवा. दोघींमधली गरीब-श्रीमंतीची दरी मात्र खरी हवी. बऱ्याच कथांमध्ये प्रेम जमलं की पगार, खोली, नोकरी हे विषयच गायब होतात. मला ते शेवटपर्यंत हवेत. इंग्रजी वाचते, सबटायटल्सही चालतील. शेवट दुःखी असेल तर आधीच सांगा, सध्या झेपणार नाही.

मध्यरात्र: डोळे झाकून 'फिंगरस्मिथ' घ्या. लेखिका सारा वॉटर्स, २००२ची कादंबरी, काळ व्हिक्टोरिया राणीचा. लंडनच्या चोरांच्या वस्तीत वाढलेली सू एका मोठ्या घरात मॉडची दासी म्हणून लागते, तीच मुळी तिला फसवायला. एका भामट्याने मॉडशी लग्न करायचं, मग तिला वेड्यांच्या इस्पितळात कोंडायचं आणि तिचा पैसा लाटायचा, असा डाव.

एकच प्रसंग सांगते. मॉडचा एक दात टोकदार असतो, तिला टोचत राहतो. सू बोटात अंगुस्तान घालते, मॉडचं तोंड उघडायला लावते आणि तो दात हळूहळू घासून गुळगुळीत करते. काम मोलकरणीचंच आहे, त्याबद्दल तिला पगार मिळतो, आणि तरी त्या दोन मिनिटांत दोघींचं सगळं बदलतं. तुम्ही म्हणताय ती जाणीव इथे आहे. पहिला भाग सू सांगते, दुसरा मॉड. तेच दिवस मालकिणीच्या बाजूने वाचताना मी हादरले होते. शेवट सांगत नाही, पण तुम्हाला झेपेल.

रानजाई: +१. याच कादंबरीवर पार्क चान-वूकने २०१६मध्ये 'द हँडमेडन' केला. गोष्ट जपानी अमलाखालच्या १९३०च्या दशकातल्या कोरियात नेली आहे. मालकीण जपानी, दासी कोरियन, म्हणजे नुसती श्रीमंती नाही, राज्य करणारे आणि राज्य सोसणारे. कोण कधी कुठली भाषा बोलतंय याकडे लक्ष ठेवा, सत्ता कुणाकडे आहे ते तिथेच कळतं. प्रणयदृश्यं उघड आहेत, घरच्यांसोबत लावू नका. आधी कादंबरी वाचा, नाहीतर तिच्यातला धक्का फुकट जाईल.

ओसरी: अ‍ॅन लिस्टरवरची 'जेंटलमन जॅक' मालिका पाहिलीत का? खरी व्यक्ती, १७९१ ते १८४०, यॉर्कशरची जमीनदारीण. डायरीतला खासगी मजकूर सांकेतिक लिपीत लिहायची.

मध्यरात्र: मालिका फार आवडती, पण इथे बसत नाही. लिस्टरची जोडीदार अ‍ॅन वॉकर स्वतःच मोठ्या इस्टेटीची वारस होती.

ओसरी: बरोबर. मग 'अमोनाइट' (२०२०). लाइम रीजिसच्या किनाऱ्यावर जीवाश्म शोधणारी मेरी अ‍ॅनिंग, सुताराची मुलगी, आणि श्रीमंत भूशास्त्रज्ञाची बायको शार्लट. शार्लट आपल्या लंडनच्या घरात मेरीसाठी खोली सजवून ठेवते, प्रेमानेच, पण मेरीला विचारत नाही. मेरीचा जो संताप होतो तो बघाच. आपलं काम, आपलं दुकान सोडून कुणाच्या घरी ठेवलेल्यासारखं राहायचं का, हा तिचा प्रश्न आहे. दोघी खऱ्या होत्या, पण त्यांच्यात प्रेम होतं याला पुरावा नाही. खरी शार्लट मेरीपेक्षा अकराएक वर्षांनी मोठी होती, सिनेमात उलट आहे. शेवट दुःखी नाही, पण मोकळा सोडलाय.

केतकीवन: खूप आभार! आपल्याकडचं काही?

रानजाई: इस्मत चुगताईंची 'लिहाफ', १९४२. बेगम जान आणि तिची मालिश करणारी रब्बो. अश्लीलतेचा खटला लाहोरला चालला, त्यातून त्या सुटल्या. वाचायलाच हवी अशी कथा, पण तुम्हाला सध्या नाही सुचवणार. ती प्रेमकथा नाही, एका लहान मुलीच्या नजरेतून येते आणि बेगम त्या मुलीशी जशी वागते ते वाचवत नाही.

त्याऐवजी पॅट्रिशिया हायस्मिथची 'द प्राइस ऑफ सॉल्ट' घ्या. १९५२मध्ये टोपणनावाने छापली. न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानात खेळण्यांच्या विभागात उभी राहणारी टेरेस आणि तिथे गिऱ्हाईक म्हणून आलेली कॅरल. एकीला नोकरीची काळजी, दुसरीला मुलीच्या ताब्याची. त्या काळात अशा गोष्टींचा शेवट आत्महत्येत नाहीतर लग्नात व्हायचा, हिने तो होऊ दिला नाही.

केतकीवन: 'फिंगरस्मिथ' मागवली. वाचून झाली की मॉडच्या भागाबद्दल इथेच लिहिते, तोवर कुणी पुढचं फोडू नका.