तुर्किये, पेरू आणि देशांची गमतीची नावं

निवडुंग:
शनिवारी जर्दाळू आणले, पाकिटावर ‘मेड इन तुर्किये’. लेकीने विचारलं, हा कुठला देश? म्हटलं, अगं, आपलं तुर्कस्तान. इंग्रजीत देशाचं आणि एका पक्ष्याचं नाव एकच, ‘टर्की’, हे तिथल्या लोकांना खुपायचं. तिथले राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांनी डिसेंबर २०२१ मध्ये परिपत्रक काढलं आणि जून २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तुर्किये हे नाव मान्य केलं.

मग आमचा खेळच सुरू झाला. चिलीचं नाव ‘लवंगी’. ग्रीसचं ‘वंगण’. घानाला फक्त ‘ना’चा ‘णा’ करायचा, की तेल गळायला लागलं. आणि लेक म्हणाली, पेरूला ‘सीताफळ’ म्हणू या, म्हणजे पेरू खाताना देश खाल्ल्यासारखं वाटणार नाही! अर्धा तास नकाशा पुढ्यात होता. घाना आफ्रिकेच्या कुठल्या किनाऱ्यावर आहे हे ती आता विसरणार नाही. तुम्हीही सुचवा.

ढेकणे_लीड्स:
मी सुचवणार नाही. माझं आडनाव बघा. शाळेत हजेरीला सर माझ्या नावापाशी आले की मागच्या बाकावरचे अंग खाजवायला लागायचे. रोज. सातवीपर्यंत.

इथे आमच्या ऑफिसात तुर्कस्तानातल्या अंकाराची एक जण होती. नाताळच्या जेवणात टर्की कापताना कोणीतरी हटकून म्हणायचं, तुझा देश वाढू का? पहिल्या वर्षी ती हसली. तिसऱ्या वर्षी ताट तसंच ठेवून उठली. मी समोर बसलो होतो आणि गप्प बसलो, त्याची आजही लाज वाटते. ज्याचं नाव त्याने ठरवावं, बाकीच्यांनी नीट उच्चारावं.

खडूफळा:
ढेकणे, तुमचं दुःख खरं आहे. पण या पक्ष्याची कुळकथा ऐका. तो मूळचा अमेरिकेतला, तुर्कस्तानशी त्याचा संबंध नाही. इंग्रजांनी तो तुर्कांच्या नावावर घातला. आणि खुद्द तुर्की भाषेत त्याला म्हणतात ‘हिंदी’! डच लोकांच्या ‘काल्कून’ या शब्दात आपलं कालिकत आहे. पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात. ज्याने त्याने तो दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडला. आपल्या पेरूचं झाडही अमेरिकेतलंच, पोर्तुगिजांबरोबर आलेलं. गोव्यात त्याला ‘पेर’ म्हणतात. हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं हसतात आणि व्यापाराचा इतिहास डोक्यात बसतो. तो हशा मला हवाच आहे.

ढेकणे_लीड्स:
बाई, तुमच्या वर्गात तुर्की मूल बसलेलं नसतं.

आडवाटेचा:
हशा कोणाकडे रोखलाय ते बघा ना. आफ्रिकेतल्या स्वाझीलंडचं २०१८ मध्ये एस्वातिनी झालं. परदेशात लोक आपल्याला स्वित्झर्लंड समजतात, असं राजे म्स्वाती तिसरे यांनीच सांगितलं. स्वातंत्र्याच्या पन्नाशीच्या सोहळ्यात त्यांनी नाव जाहीर केलं. निरंकुश राजा आहे. प्रजेतल्या कोणी त्यावर दहा चावट नावं सुचवली तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

उलट मॅसिडोनिया घ्या. ग्रीसशी नावावरून १९९१ पासून भांडण, २०१८ मध्ये प्रेस्पा सरोवराकाठी करार, २०१९ पासून ‘उत्तर मॅसिडोनिया’. एका ‘उत्तर’ शब्दासाठी जवळजवळ अठ्ठावीस वर्षं! तिथे आपण बाहेरच्यांनी गमतीची नावं सुचवणं मला पटत नाही.

निवडुंग:
ढेकणे, ताटावरून उठलेल्या त्या बाईंची गोष्ट मी लेकीला वाचून दाखवली. ती गप्प झाली. मग म्हणाली, पेरू देशातली कोणी मुलगी वर्गात आली तर मी तिला आधी पेरू देईन, तिखटमीठ लावून, आणि मग शब्द सांगेन.

खेळ मी बंद करणार नाही. त्यात कोणाला हिणवलेलं नाही, मराठी कानाला काय ऐकू येतं एवढंच आहे.

खडूफळा:
आणि मराठीत तुर्कस्तानच लिहा हो. आपल्या शब्दात तो पक्षी कधी नव्हताच. हल्ली वर्तमानपत्रं ‘तुर्किये’ छापतात ते मला खटकतं.

ढेकणे_लीड्स:
इथेही माझा विरोध. त्यांनी मागितलंय ते नाव द्यायला आपलं काय जातं? घाणा चालेल, वंगणही चालेल. पण पाकिटावर तुर्किये लिहिलं असेल तर मुलीला तुर्किये वाचायला शिकवा.