इंजिनाआधी चौकट आणि ब्रेक

मुलाची पहिली गाडी म्हणून कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १९६६ ची बोमाँट (जनरल मोटर्सची कॅनडासाठीची गाडी) घेऊन ती दुरुस्त करण्याचा आपला बेत वाचला. आधी इंजिन उघडावे हा येथे दिला गेलेला सल्ला मला पटत नाही. ही गाडी अमेरिकेत विकली जात नसली, तरी तिचा सांगाडा व यंत्रभाग शेव्हरले शेव्हेल या अमेरिकी गाडीचाच असल्यामुळे इंजिनाचे सुटे भाग आजही सहज मिळतात. मात्र पुढची जाळी, मागचे दिवे आणि बाजूच्या चकचकीत पट्ट्या खास बोमाँटच्याच असल्याने त्या गाडीवर शाबूत आहेत ना, हे सौदा ठरण्यापूर्वीच पाहावे.

खरा शत्रू आहे तो हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर पसरले जाणारे मीठ; त्याने गाडीची चौकट, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, गंजतो. मागच्या आसाच्या वर जिथे चौकट वळते, तिथे स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे: खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला आणि पापुद्रे गळू लागले तर विक्रेत्याला नमस्कार करून निघावे. रंग कितीही झळकत असो!

ब्रेकचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्या वर्षीच्या मास्टर सिलिंडरला (पेडल दाबताच नळ्यांतून चाकांकडे ब्रेकचे तेल ढकलणारा भाग) एकच कप्पा असल्याने एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. १९६७ पासूनचा दोन कप्प्यांचा सिलिंडर बसवून नळ्याही नव्या घालाव्यात. शिवाय ओंटारिओतील ‘हिस्टॉरिक’ पाटी (जुन्या गाड्यांसाठीची खास नंबर प्लेट) रोजच्या वापरासाठी नसते, त्यामुळे मुलगा हीच गाडी घेऊन कॉलेजला जाणार असेल, तर साधी नोंदणीच करावी लागेल.