कॉम्प्युटर मरणाचा स्लो झालाय, व्हायरस शिरलाय का? (बजेट २,५००, कोल्हापूर)

अक्षरजुळणी
नमस्कार मंडळी. मंगळवार पेठेत घरीच डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, तालमींची पावतीपुस्तकं. २०१५ ला जुळवून घेतलेला कॉम्प्युटर आहे. आय३ चौथी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क, विंडोज १०. दोन महिने झाले, नुसता रडवतोय. सकाळी बटण दाबून देवपूजा करून येतो तरी ते गोल फिरतंयच. काल घड्याळ लावून बसलो, डेस्कटॉप दिसायला ११ मिनिटं. कोरल, म्हणजे पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर, उघडायला वेगळी ४.

व्हायरसचा संशय का, तर परवा एका गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावला आणि सगळ्या फोल्डरांवर छोटा बाण आला. प्रत्येकाची साइझ १ केबी. तुमच्या मशीनमुळंच झालं म्हणून तो दारात उभा राहून भांडला. शिवाय उजव्या कोपऱ्यात सारख्या खिडक्या येतात, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले". एक अँटीव्हायरस होता, घाबरून वर दुसरा टाकला. मग तर बघायलाच नको.

बजेट २,५००. त्याच्यावर जमणार नाही. तुळशीची लग्नं लागलीत, हातात १९ पत्रिका आहेत. काय करू?

हिंजवडीकर
दादा, दहा वर्षांच्या मशीनवर पैसे घालू नका. मी दिवाळीत ७२,००० चा लॅपटॉप घेतला, १६ जीबी रॅम. बटण दाबल्यापासून ९ सेकंदांत तयार. हप्त्यावर मिळतो.

तांबडा_पांढरा
साहेब, बजेट २,५०० लिहिलंय.

हिंजवडीकर
वाचलं. दरवर्षी २,५०० घालत बसण्यापेक्षा एकदाच काय ते करावं, एवढंच म्हणणं.

गंगावेस_भावड्या
फॉरमॅट मारा. एकच औषध. मी वर्षातून दोनदा मारतो, पाडव्याला आणि दसऱ्याला. मशीन कसं लोण्यासारखं पळतंय बघा.

निवृत्त_मास्तर
त्या कोपऱ्यातल्या खिडकीवर चुकूनही क्लिक करू नका, आणि त्यात नंबर असेल तर फोन तर मुळीच करू नका. माझ्याकडे अशीच खिडकी आली होती, सोबत मोठ्यानं आवाज. मी घाबरून फोन केला. पलीकडचा माणूस इतका आदबीनं बोलला की मला तो खरंच कंपनीचा वाटला. त्यानं एक अ‍ॅप टाकायला सांगितलं आणि माझ्या डोळ्यांदेखत माउसचा बाण आपोआप फिरायला लागला. मी चष्मा पुसून परत बघितलं. "तुमचं रिफंड देतो, बँकेचं पान उघडा," म्हणाला. १४,००० गेले. मुलीनं तासाभरात १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन लावला म्हणून त्यातले ९,००० बँकेत अडवता आले. वायर ओढून काढायची अक्कल तेव्हा सुचली नाही, म्हणून इथे लिहितोय. असं काही झालं तर आधी इंटरनेट बंद, मग १९३०. उशीर झाला की पैसे पुढच्या पुढच्या खात्यात जातात.

शाहूपुरी_३री_गल्ली
मास्तर, फार बरं केलंत लिहून. आईला वाचून दाखवतो.

गंगावेस_भावड्या
म्हणूनच म्हणतो, फॉरमॅट.

उद्यमनगर_फिटर
अहो थांबा, फॉरमॅटची घाई नको. कारखान्यातल्या मशीनींचे कॉम्प्युटर सांभाळतो मी, म्हणून सांगतो. दादा, तुमच्याकडे मला तीन वेगळी दुखणी दिसतात.

बाण आलेली फोल्डरं म्हणजे शॉर्टकट व्हायरस. खरी फोल्डरं जागच्या जागी असतात, फक्त लपवलेली. आपण बाणावर डबल क्लिक केलं की तो आपल्या मशीनमध्ये उतरतो, आणि पुढच्या प्रत्येक पेनड्राइव्हवर जातो. त्यामुळे गिऱ्हाइकाचा आरोप खराही असू शकतो, किंवा त्याच्याच पेनड्राइव्हमधून तुमच्याकडे आलेला असेल. विंडोजच्या डिफेंडरमध्ये ऑफलाइन स्कॅन आहे, तो लावा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासणी होते. साधारण १५ मिनिटं धरा, तुमच्याकडे जास्त लागतील.

कोपऱ्यातल्या खिडक्या बहुतेक वेळा व्हायरस नसतात. कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडा आणि अनोळखी नावं सगळी काढा.

आणि ११ मिनिटं हे तिसरंच काहीतरी आहे. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. सीपीयू, मेमरी, डिस्क, तिन्ही आकडे इथे लिहा. त्याशिवाय एक रुपया खर्च करू नका.

चंदगडी_काजू
अँटीव्हायरस घ्यायचाच तर पुण्याच्या क्विक हीलचा घ्या. कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, धाकट्या भावानं पहिला अँटीव्हायरस लिहिला. आपल्या माणसाला पैसे द्यावेत.

हिंजवडीकर
अभिमान ठीक आहे, पण डिफेंडर फुकट आहे आणि पुरेसा आहे.

चंदगडी_काजू
तुम्ही ७२,००० घालवले, मी वर्षाचे थोडे देतोय तर काय बिघडलं? माझ्याकडे सात वर्षं एकही व्हायरस नाही.

उद्यमनगर_फिटर
कुठलाही ठेवा, पण एकच ठेवा. दोन असले की दोघंही प्रत्येक फाइल तपासतात, आणि ४ जीबीत मशीन गुदमरतं.

मुक्त_प्रणाली
विंडोज १० चा आधार (कंपनीचा सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करून सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. चौथ्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि आठव्या पिढीपासूनचा इंटेल लागतो. विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका. फुकट, हलकं, व्हायरसची कटकट जवळजवळ नाही.

तांबडा_पांढरा
आणि पत्रिका कशात करायच्या त्यांनी? कोरल, पेजमेकर लिनक्सवर चालत नाहीत.

मुक्त_प्रणाली
पेजमेकर ७ हे २००१ सालचं आहे. अजून किती दिवस? युनिकोडवर या, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या मराठी टायपिंगवर. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर नेला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो.

शाहूपुरी_३री_गल्ली
छापखान्यात तेच मागतात हो. आमच्या मामांचा ऑफसेट आहे. युनिकोड फाइल दिली की जोडाक्षरं तुटलेली येतात, अर्धा र कुठे जातो पत्ता लागत नाही.

मुक्त_प्रणाली
तो युनिकोडचा दोष नाही, जुन्या सॉफ्टवेअरचा आहे. हवा तर वेगळा धागा काढू, पण हे ऐकून ऐकून मला खरंच वाईट वाटतं.

अक्षरजुळणी
सगळ्यांचे आभार. आधी एक, मी दादा नाही, बाई आहे. आमच्या कोल्हापुरात बायका पण "मी आलो, मी करतो" असंच बोलतात.

फिटर दादा, सीपीयू ७ टक्के, मेमरी ८४, डिस्क १००. दहा मिनिटं बघत बसलो, डिस्क १०० वरून खाली येतच नाही. ऑफलाइन स्कॅन ४० मिनिटं चालला, दोन गोष्टी सापडल्या, काढल्या. नोटिफिकेशनच्या यादीत २३ नावं होती! गणपतीचं फुकट क्लिपआर्ट शोधताना प्रत्येक वेळी "अलाउ" दाबत गेलेलो. सगळी काढली, खिडक्या बंद झाल्या. दुसरा अँटीव्हायरस काढला. आता ११ ची ७ मिनिटं झालीत.

आणि एक सांगायचं राहिलं, डब्यातून कुटकुट आवाज येतो. रात्री शांत असलं की जास्त ऐकू येतो.

उद्यमनगर_फिटर
ताई, चुकलो. आता जरा काळजीनं वाचा. सीपीयू रिकामा बसलाय आणि डिस्क १००, वर कुटकुट, म्हणजे हार्डडिस्क जायला लागलीय. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकून बघा. निळा "गुड" आहे की पिवळा "कॉशन"? त्यातली सी५ ची ओळ मला सांगा. आकडे दशमानात करून घ्या, नाहीतर सोळाच्या पाढ्यात दिसतात.

आता पूर्ण स्कॅन, डीफ्रॅग, फॉरमॅट काहीही करू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला सगळी पानं वाचायला लावलं की ती त्यातच जाते. आधी पत्रिकांच्या फाइली बाहेर काढा.

अक्षरजुळणी
पिवळा. कॉशन. सी५ समोर २४.

गंगावेस_भावड्या
बरं झालं फॉरमॅट मारला नाही. ताई, मी माझं मागे घेतो.

उद्यमनगर_फिटर
२४ म्हणजे डिस्कवरच्या २४ जागा नीट वाचता येत नाहीयेत. २५६ जीबीची साटा एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घ्या, मी गेल्या वर्षी दोन हजारांच्या आत घेतली होती. आत बसवा, विंडोज नव्यानं टाका. जुन्या डिस्कची नक्कल मारू नका, उरलासुरला व्हायरस नक्कलेबरोबर येतो. जमलं तर ४ जीबीची जुनी डीडीआर३ रॅम बघा. मिनिटभरात चालू होईल.

शाहूपुरी_३री_गल्ली
+१ एसएसडी. फक्त दुकानात टाकून येऊ नका, समोर बसून करून घ्या. माझी ८ ची रॅम दुरुस्तीहून ४ ची होऊन आली. नाव घेत नाही.

हिंजवडीकर
एसएसडीला माझंही अनुमोदन. तरी लॅपटॉपचा विचार करा.

तांबडा_पांढरा
+१ एसएसडी.

अक्षरजुळणी
मंडळी, निर्णय घेतला. तुम्हाला पटणार नाही.

२५६ ची एसएसडी आणि ती बाहेरून जोडायला यूएसबीचा डबा, दोन्ही मिळून २,३५० ला घेतलं. पण आत बसवली नाही. माझं फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगलवर (कॉम्प्युटरला लावायची किल्ली) चालतं आणि त्याची सीडी २०१९ च्या पुरात भिजली. नवीन विंडोजवर ते परत उभं राहील का, खात्री नाही. १९ पत्रिका अंगावर असताना तो जुगार मी खेळणार नाही. एसएसडी बाहेरच ठेवली, सगळ्या फाइली तिच्यावर उतरवल्या. ६१ जीबी, अख्खी रात्र लागली. दोन फोल्डर वाचलेच नाहीत, २०१७ च्या पत्रिका होत्या त्यात. आमच्या वन्संच्या लग्नाची पण. बाकी सगळं आलं. इंटरनेटची वायर काढून टाकली. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह बंद, मजकूर मोबाइलवर मागवतो आणि बघून टाइप करतो. वेळ जातो, पण भांडण नाही. रोज रात्री दिवसभराचं काम एसएसडीवर टाकून ती काढून कपाटात ठेवतो. सीझन सरला की आत बसवू.

उद्यमनगर_फिटर
ताई, मला हे पटत नाही. डिस्क तुमच्या सीझनसाठी थांबणार नाही. पण फाइली बाहेर आहेत म्हणून झोप येईल मला. ती सीडी नाही तर सॉफ्टवेअर विकणाऱ्याला डोंगलचा नंबर सांगून विचारा, बऱ्याचदा परत देतात. आणि रोज सकाळी सी५ बघा. आकडा वाढला की त्याच दिवशी काम थांबवायचं.

निवृत्त_मास्तर
२०१७ ची पत्रिका कुणाकडे कागदावर असेल तर स्कॅन करून घ्या. आमच्याकडे जुन्या पत्रिकांचा गठ्ठा आहे, मंगळवार पेठेतल्या बऱ्याच आहेत. आडनाव व्यनि (खासगी निरोप) करा, शोधतो.

अक्षरजुळणी
व्यनि केलाय मास्तर. फिटर दादा, आज सकाळी २४. काल पण २४ होता.