मुंबईत शनिवार-रविवारी आई आणि मुलीसह : उशिराची न्याहारी व कॉफी यांसाठी कुठे बसावे?

गोदाकाठ

नमस्कार. येत्या शनिवारी व रविवारी आम्ही तिघी, म्हणजे मी, माझी 72 वर्षांची आई आणि 19 वर्षांची मुलगी, नाशिकहून मुंबईत येत आहोत. मुक्काम दादर पश्चिमेला मावसबहिणीकडे आहे. शनिवारी काळा घोडा परिसरातील वस्तुसंग्रहालय आणि जहांगीर कलादालन पाहायचे ठरले आहे, रविवार मोकळा आहे, आणि त्याच दिवशी संध्याकाळी परत निघायचे आहे. दोन्ही दिवशी सकाळी उशिरा, न्याहारी आणि जेवण एकातच उरकेल असे काहीतरी निवांत बसून खावे, अशी माझी इच्छा आहे. माझी मुलगी त्याला ब्रंच म्हणते, तर आई म्हणते की आमच्या घरी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी असेच होत असे.

अडचणी पुढीलप्रमाणे आहेत. आई शाकाहारी असून तिला अंडेही चालत नाही, मात्र शेजारच्या ताटात असले तर तिची तक्रार नसते. गुडघ्यांमुळे जिने आणि उंच स्टुले टाळावी लागतात, आणि कॉफी-चहा बिनसाखरेचा लागतो. पूर्वी वडिलांबरोबर ती एका इराण्याकडे चहाला जात असे आणि तसे हॉटेल पुन्हा एकदा पाहण्याची तिची हौस आहे. मुलीला मात्र, दाणे कोणत्या मळ्यातून आले हे फळ्यावर लिहिलेले असते तशी कॉफी हवी आहे. ‘मुंबईतील पंचवीस कॅफे’ छापाच्या याद्या वाचून डोके भणाणले आहे. तेव्हा कृपया यादी न देता, आमच्यासारख्या तिघींना घेऊन तुम्ही स्वतः कुठे गेला असता, तेवढेच सांगावे.

माटुंगेकर

माझे उत्तर माझ्या नावावरूनच ओळखले असेल, परंतु तुमच्या आईंच्या अटी वाचल्यावर पक्षपाताचा आरोप मला मान्य करावा लागणार नाही, असे वाटते. रविवारची सकाळ माटुंग्याला द्या. येथील बहुतेक जुनी उडुपी हॉटेले पूर्ण शाकाहारी आहेत, त्यामुळे प्रत्येक पदार्थाबद्दल ‘यात अंडे आहे का’ असे विचारावे लागत नाही, आणि बाहेर खाणाऱ्या शाकाहारी वृद्धांना याची केवढी मोकळीक वाटते ते मी माझ्या वडिलांकडे पाहून सांगतो.

माटुंगा स्थानकाजवळचे राम आश्रय 1939 सालचे, तर किंग्ज सर्कलजवळचे कॅफे मद्रास 1940 सालचे आहे. दोन्हींपैकी एकच निवडा. कॅफे मद्रासला रसम-वडा, पोडी इडली आणि नीर डोसा घ्यावा. राम आश्रयला उपमा आणि त्या दिवशीचा शिरा घ्यावा, कारण तिथे शिऱ्याचा प्रकार बदलत असतो आणि अननसाचा मिळाला तर तो दिवस चांगला समजावा. रविवारी नऊनंतर गेलात तर दारावरच्या माणसाकडे नाव आणि माणसे किती ते सांगून बाहेर थांबावे लागते, म्हणून आठच्या आत पोहोचणे उत्तम. ‘उशिराची न्याहारी’ ही तुमची कल्पना येथे थोडी मोडेल, हे मान्य करतो. दुसरे असे की टेबलावर जागा रिकामी असेल तर अनोळखी माणूस समोर येऊन बसतो आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. निवांत गप्पांसाठी ही हॉटेले नाहीत. खावे, कॉफी प्यावी, उठावे, आणि गप्पा मारायला बाजारातल्या फुलांच्या दुकानांवरून चालत जावे.

कॉफीबद्दल एक महत्त्वाची सूचना : फिल्टर कॉफीत साखर बहुधा आधीच घातलेली असते. ऑर्डर देतानाच ‘बिनसाखरेची’ असे स्पष्ट सांगावे, कॉफी टेबलावर आल्यावर सांगून उपयोग होत नाही. केळीच्या पानावरचे जेवणही हवे असेल तर स्थानकाजवळच 1942 पासूनचे रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, परंतु ते पहिल्या मजल्यावर आहे. आईंना जिना चढवणार असाल तरच विचार करा.

गिरगावची

माटुंग्याबद्दल वाद नाही, पण मूळ प्रश्नातली इराण्याची गोष्ट माटुंगेकरांनी सोयीस्करपणे गाळली आहे. शनिवारी सकाळी धोबी तलावला, मेट्रो सिनेमासमोरच्या कयानीमध्ये जा. 1904 पासूनचे हे हॉटेल आहे. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, चौकटीच्या नक्षीची टेबलक्लॉथे, काचेच्या बरण्यांत खारी आणि बिस्किटे, हे सारे तुमच्या आईंच्या आठवणीशी जुळेल. मात्र त्यांच्यासाठी इथे खायला फारसे नाही, हे आधीच समजून घ्या. मावा केकमध्ये अंडे असते आणि कॅरॅमल कस्टर्ड तर अंड्याशिवाय होतच नाही. अनेकांना मावा केक म्हणजे पेढ्याचा भाऊबंद वाटतो आणि मग घरी आल्यावर रामायण घडते. त्यांनी बन मस्का आणि चहा घ्यावा. ब्रून पाव मागवू नये. ब्रूनचे कवच कडक असते, तो चहात बुडवून खायचा असतो, आणि दातांची कवळी असेल तर तो त्रासच देतो. बन मऊ असतो. मुलीसाठी अकुरी, म्हणजे पारशी पद्धतीची मसालेदार अंड्याची भुर्जी, किंवा खिमा पाव सांगावा, म्हणजे तिचे जेवण दुपारपर्यंत ढकलता येईल.

चहा दाट हवा असेल तर ‘पानी कम’ असे सांगायचे, हे आईंना ठाऊक असेलच. हैदराबादच्या इराणी चहाशी त्याची गल्लत करू नये, दोन्हींचे नाव एक असले तरी चव निराळी आहे. साखरेचा प्रश्न येथेही आहेच. चहा उकळतानाच गोड केलेला असेल तर तो बिनसाखरेचा मिळणार नाही, म्हणून बसण्यापूर्वी विचारावे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीस इराणच्या यझ्द आणि केरमान भागांतून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी ही हॉटेले काढली. कोपऱ्यावरची जागा अशुभ म्हणून हिंदू व्यापारी घेत नसत आणि ती यांना स्वस्तात मिळाली, असे सांगितले जाते. खरे कारण काहीही असो, दोन रस्त्यांना दारे असल्यामुळे आत उजेड आणि वारा भरपूर असतो. जुन्यांपैकी आता मोजकीच उरली आहेत, म्हणून आईंना घेऊन जाण्याचे पुढच्या खेपेवर टाकू नका.

चिकोरीविरोधक

मुलीची बाजू मांडायला कोणीच पुढे येत नाही, म्हणून लिहितो. तिला जी कॉफी हवी आहे ती वांद्र्यात चांगली मिळते. चॅपल रोडवर ‘सबको’ नावाचे कॅफे आहे, ‘ब्लू टोकाई’ या कॅफेच्या शाखा तर अनेक ठिकाणी आहेत. चिकमगळूर, कोरापुट अशा भागांतील दाणे, ते कधी भाजले त्याची तारीख आणि कोणत्या पद्धतीने वाळवले याचा तपशील तिथे मिळतो. पोअर ओव्हर मागवल्यास 15 ते 18 ग्रॅम पुडीवर साधारण 250 मिलिलिटर गरम पाणी हळूहळू ओततात आणि या सगळ्याला चार-पाच मिनिटे लागतात, तेव्हा कॉफी उशिरा आली म्हणून हाका मारू नयेत. ही कॉफी दूध-साखरेविना प्यायची असते, म्हणजे आईंची अटही आपोआप पाळली जाते. मात्र किंमत माटुंग्यातील कॉफीच्या पाच-सहा पट असते, हे लपवत नाही.

फिल्टर कॉफीबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे की तिच्यातील चिकोरीमुळे, म्हणजे एका वनस्पतीच्या भाजून दळलेल्या मुळांच्या पुडीमुळे, दाण्याची मूळ चव झाकली जाते. आपल्याकडील नियमांनुसार कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात किमान 51 टक्के कॉफी असावी लागते. याचाच अर्थ, जवळपास निम्मी पूड कॉफी नसली तरी ते मिश्रण नियमात बसते.

आता एक प्रामाणिक इशारा. मागच्या वर्षी मी माझ्या काकूंना घेऊन वांद्र्यातील एका कॅफेत रविवारी साडेअकराला गेलो होतो, नाव सांगत नाही. चाळीस मिनिटे थांबल्यावर जी जागा मिळाली ती भिंतीला चिकटलेली उंच स्टुले होती, मेनू फक्त मोबाइलवर उघडत होता आणि संगीत इतके मोठे होते की काकूंनी श्रवणयंत्र काढून पर्समध्ये ठेवले. म्हणून आईंना घेऊन जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून ‘पाठ टेकता येईल अशा खुर्च्या खालच्या मजल्यावर आहेत का’ एवढा एकच प्रश्न विचारावा.

माटुंगेकर

चिकोरीने दाट डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, आणि तो करडा कडवटपणा येतो, आणि दुधासमोर टिकायला तोच लागतो. दुधाशिवाय प्यायच्या कॉफीच्या मोजपट्टीने दुधाची कॉफी मोजू नये. डबरा (पसरट वाटी) आणि पेल्यात वरखाली करून थंड करण्याचा आनंद कोणत्या फळ्यावर लिहिलेला असतो, तेही सांगावे.

गोदाकाठ

चिकोरीचा वाद मनोरंजक आहे, तो चालू ठेवावा. मला दोन शंका आहेत. ब्रिटानिया या इराणी हॉटेलाचा बेरी पुलाव रविवारी दुपारी जमेल का? आणि शनिवारी धोबी तलाव, काळा घोडा, पुन्हा दादर हा प्रवास आईला झेपेल का?

गिरगावची

ब्रिटानिया रविवारी बंद असते, आणि एरवीही ते मुख्यतः दुपारच्या जेवणाचे ठिकाण आहे, तिथे न्याहारीला जाता येत नाही. 1923 सालचे हे हॉटेल बॅलार्ड इस्टेटमध्ये आहे, म्हणजे रविवारी जिथे चिटपाखरू नसते अशा कचेऱ्यांच्या वस्तीत. शनिवारी दुपारी जमवता येईल. पुलावावर पेरलेली ती आंबट लाल फळे इराणी स्वयंपाकातली झेरेश्क आहेत. शाकाहारी बेरी पुलावही तिथे होतो. परंतु सकाळी कयानी आणि दुपारी ब्रिटानिया असे केलेत तर पोटावर अन्याय होईल आणि कलादालनात मुलीखेरीज दोघींचे डोळे मिटतील. मी असते तर दोहोंपैकी एक घेतले असते, आणि आईंची आठवण चहाशी जोडलेली आहे म्हणून कयानीच घेतले असते.

दुपारी थकवा वाटला तर काळा घोडा परिसरातील रोप वॉक लेनमध्ये काळा घोडा कॅफे आहे, तिथे मुलीची कॉफीही होईल. पूर्वी जहांगीरमध्येच समोवार नावाचे कॅफे होते, कलादालन पाहून उठले की थेट चहाच्या टेबलावर बसता येत असे. ते 2015 साली बंद झाले आणि त्यानंतर त्या इमारतीत गेले की मला उगाचच घाई होते.

नऊ-बावीसची स्लो

प्रवासाचे मी सांगतो, कारण खाण्याबद्दल येथे पुरेसे तज्ज्ञ आहेत. शनिवारी सकाळी दादरहून धोबी तलावला टॅक्सीने जावे. वस्तुसंग्रहालय सव्वादहाला आणि जहांगीर अकराला उघडते, त्यामुळे नऊला चहाला बसलात तर वेळ नेमकी जुळते. परतताना भुयारी मेट्रो घ्यावी. ऑक्टोबर 2025 पासून ती थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली आहे, हुतात्मा चौक स्थानक काळा घोड्यापासून चालण्याच्या अंतरावर आहे, दादरचे स्थानकही पश्चिमेलाच आहे, आणि लिफ्ट व सरकते जिने असल्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न येत नाही. लोकलच्या पुलांवरून आईंना नेऊ नका.

रविवारी मध्य आणि हार्बर मार्गांवर बहुधा मेगाब्लॉक असतो, साधारण अकरा ते चार या वेळेत. माटुंगा दादरपासून एकाच स्थानकावर आहे म्हणून लोकलचा मोह होईल, परंतु टॅक्सीच करावी. नाशिकची गाडी पकडण्याआधीही ब्लॉकचे वेळापत्रक पाहून ठेवावे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही जाऊन आलो, म्हणून पुढे वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. शनिवारी नऊला कयानीत पोहोचलो. आईने बन मस्का घेतला आणि चहात साखर असल्याचे कळल्यावर ‘आज अर्धा कप चालेल’ असे स्वतःच जाहीर करून पूर्ण कप प्यायली. हॉटेल तिच्या आठवणीतले नव्हते, ते बहुधा ग्रँट रोडला होते, परंतु खुर्च्या त्याच होत्या असे तिचे म्हणणे आहे. मुलीला अकुरी आवडली. परतीच्या मेट्रोचा सल्ला सर्वांत मोलाचा ठरला.

वांद्रे आम्ही गाळले. मुलीने काळा घोड्याजवळच्या एका कॅफेत तिची कॉफी घेतली, आम्ही दोघी शेजारी नुसत्या बसलो आणि कोणी उठवले नाही. रविवारी माटुंग्याला साडेसातला गेलो, दहा मिनिटांत जागा मिळाली आणि समोर एक अनोळखी आजोबा येऊन बसले. रसम-वडा तिखट असतो, हे येथे कोणीच लिहिले नव्हते. आईने तो माझ्याकडे सरकवला आणि नीर डोसा खाल्ला. बिनसाखरेची कॉफी ऑर्डर देतानाच सांगितल्यामुळे बरोबर आली. माटुंगेकर, तुमच्या माहितीसाठी : मुलीने फिल्टर कॉफी दोनदा मागवली, पण चिकोरीविरोधकांना हे सांगू नकोस असे तिने बजावले होते.

चिकोरीविरोधक

वाचले. दुसऱ्या कॉफीत दूध किती होते?